घरात दोघंच, साहेब

माझ्या भावाला रक्ताचा कॅन्सर झालाय हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. मी सुरतेत पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. सत्र परीक्षेचे पेपर तपासत होते आणि भावजयीचा फोन आला. ती रडत नव्हती, म्हणून मी निर्धास्तपणे म्हटलं, "बोल गं, जेवायचीच आहे अजून मी." तर म्हणाली, "ताई, रिपोर्ट आला. आजच भरती करा म्हणताहेत." काय निघालं विचारलं, तर कागदावरून अक्षर अक्षर लावत तिने वाचलं, "अ‍ॅक्युट ल्युकेमिया." लाल पेन हातात तसाच धरून मी बसून राहिले. त्या दिवशी तपासलेला सगळा गठ्ठा मला पुन्हा तपासावा लागला.

आम्ही तीन भावंडं. मी थोरली, तो मधला, आणि एक धाकटा. आई काही वर्षांपूर्वी गेली. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते नंदुरबारकडून तरुणपणी सुरतेला आले आणि लूम्सवर, कापडाच्या मागांवर, आयुष्य काढलं. मधलाही त्यांच्याच वाटेने गेला. सुरतेजवळच्या सचिन गावी लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, तो मास्टर आहे. खात्यात यंत्रांचा एवढा आवाज की तिथली माणसं ओरडूनच बोलतात, आणि हा घरीही तसाच बोलतो. त्याचा फोन आला की शेजारणीला कळतं काय चाललंय. महिनाभर तो मला सांगत होता, ताई, अंगात दमच नाही, बारीक ताप आहे. आणि मी काय म्हणाले? "तुम्हा पुरुषांना ताप आला की जगबुडीच होते मेली!" मग पायांवर निळे डाग उठले, दात घासताना रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. माझं ते बोलणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

अ‍ॅक्युट म्हणजे काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, मोबाइलवर वाचलं. वाचायला नको होतं. पहिला महिना त्याला केमो चालली. केस गेले, गाल आत गेले, हातावर शिरा तेवढ्या दिसायला लागल्या. प्लेटलेट द्यायला त्याच्या खात्यातले ओडिशाचे कारागीर ड्यूटी संपवून सचिनहून यायचे, रांगेत उभे राहायचे. मी रोज डबा घेऊन जायची, आणि वॉर्डच्या दारापाशी पोचले की आधी बाहेरच थांबायची. आत गेल्यावर पलंग रिकामा दिसला तर, एवढाच विचार डोक्यात असायचा. महिन्याच्या शेवटी डॉक्टर म्हणाले की रोग आटोक्यात आलाय. आम्ही सगळे इतके हरखलो की आबांनी वॉर्डातल्या मावशींना सुद्धा पेढे वाटले.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी आबांना, भावाला आणि भावजयीला केबिनमध्ये बोलावलं. मी तेव्हा शाळेत होते, पण भावजयीने मला ते सगळं इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे बसले होते असंच मला वाटतं. डॉक्टर गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलायचे. ते म्हणाले, रोग दिसेनासा झालाय पण गेला नाही, या जातीचा रोग केमोने कायमचा जात नाही. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होतं, तिथेच बिघाड आहे. ती मज्जा औषधाने पार साफ करायची आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मूळ पेशी त्याच्या अंगात सोडायच्या. त्या रुजल्या तर नवं रक्त तयार होईल. सगळ्यात आधी सख्ख्या भावंडांचं जुळतं का ते बघतात. मग त्यांनी विचारलं, "सगे भाई-बहन कितने हैं?"

आबा म्हणाले, "घर में दो ही हैं, साहेब. ये और एक छोटा."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, काय बाप आहे! पण आमच्याकडची मोजणी कशी चालते ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसते. खानदेशातली सगळी घरं सुरतेला आली तशी कानबाईही आली. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. आबा स्वतः मोजतात, मोठ्याने नाव घेऊन. स्वतःची, मधल्याची, धाकट्याची, नातवाची. तो रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा. लग्न झालेल्या मुलीला माहेरचा रोट चालत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. मी चोवीस वर्षं त्या दिवशी माहेरी जाते, चूल सांभाळते, पुरण वाटते, आणि रोट ताटात पडायच्या आधी घरी निघून येते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. तर डॉक्टरांनी विचारलं आणि आबांनी घर मोजलं. जसं दरवर्षी मोजतात तसं.

भावजय तिथेच होती, पण सासरे बोलत असताना ती मध्ये बोलायची नाही. संध्याकाळी तिने मला फोन केला. "ताई, धाकट्या भावजींची टेस्ट करायची ठरलीये," म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "तुमचं नाव निघालं नाही."

मी म्हटलं, "असू दे. लागलं तर बोलावतील."

हे मी इतक्या पटकन बोलले की माझं मलाच नवल वाटलं. फोन ठेवला आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. भावाचा जीव टांगणीला लागलेला आणि मला हायसं वाटलं! त्याचं कारण माझ्या पाठीत आहे. दुसऱ्या बाळंतपणाला सिझेरियनच्या वेळी माझ्या मणक्यात सुई दिली होती. काय चुकलं कोणाला ठाऊक, पण नंतर आठ दिवस मला डोकं उशीवरून उचलता आलं नव्हतं. बाळ रडायचं आणि मी त्याला बघू शकायची नाही. आता स्टाफरूममधल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं की मज्जा काढतात ती पाठीच्या हाडाला भोक पाडून काढतात, बाई, जन्माची पाठ जाते.  मोठी तोंडाची फटकळ म्हणून मी घराण्यात प्रसिद्ध, वर्गात माझ्या एका आवाजाने साठ पोरं गप्प बसतात, आणि सुईच्या नावाने माझी बोबडी वळते.

धाकट्याची तपासणी झाली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, काहीच जुळत नाही. अर्धंसुद्धा नाही. आबांचं वय सत्तरीपुढे, हृदयात स्टेंट. भावाची मुलं लहान, थोरली अकराची. डॉक्टर म्हणाले, बाहेरचा दाता शोधू, पण त्याला वेळ लागतो आणि मिळेलच असं नाही. हे सगळं मला त्याच दिवशी कळलं. तेव्हा तरी मी उठून जायला हवं होतं. मी नाही गेले. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी शाळेत पालकसभा होती. तिसऱ्या दिवशी माझंच डोकं दुखत होतं. असे भावजयीच्या फोनपासून बावीस दिवस गेले. रोज डबा मात्र न्यायची. दोडक्याची भाजी, मऊ भात, उकळून गार केलेलं पाणी. माझ्याइतकी काळजी घेणारी बहीण नाही, असं नर्स म्हणायच्या आणि मी ते ऐकून घ्यायची.

तेविसाव्या दिवशी मी डबा घेऊन उभी होते आणि डॉक्टर राउंडला आले. त्यांनी सहज विचारलं, "आप कौन?" नर्सच म्हणाली, "सर, ये इनकी बहन हैं. रोज आती हैं."

डॉक्टर थांबले. "सगी बहन?"

"हो," मी म्हटलं. मराठीतच.

त्यांनी भावाकडे बघितलं, पायथ्याशी बसलेल्या आबांकडे बघितलं. म्हणाले, "काका, मैंने पूछा था ना? आपने बोला दो ही हैं."

आबा गोंधळून उभे राहिले. "साहेब, इसकी तो शादी हो गई."

"शादी से खून बदल जाता है क्या?"

वॉर्डात कोणीतरी हसलं. आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी आबांवर ओरडले. वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझ्या वर्गातल्या आवाजात. "मी मेले होते का? चोवीस वर्षं तुमच्या घरी राबायला येते ती कोण येते? पोरगा मरायला टेकलाय आणि तुम्ही कुळं मोजता?" आणखी पुष्कळ बोलले. तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरत नाही हे खरं, पण त्या दिवशी मी मुद्दाम आवरला नाही. जोवर मी ओरडत होते तोवर मला कोणी विचारणार नव्हतं की बाई, तू गप्प का होतीस? आबा बाकावर बसले. त्यांची टोपी त्यांनी हातात घेतली आणि खाली बघत म्हणाले, "माले काय ठाऊक बेटा? दर साल मोजस तसंच मोजं." भावजय भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. 

माझं रक्त तपासायला गेलं आणि अर्धं जुळलं. अर्धं म्हणजे न जुळल्यासारखंच, असं मला वाटलं. सुटले, असंही वाटलं, एक क्षणभर. पण डॉक्टर खूश होते. म्हणाले, "पहले आधा मिलता था तो हम हाथ जोड़ लेते थे. अब करते हैं." त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. नवी मज्जा नव्या घरी जाते तेव्हा तिला ते अंग परकं वाटतं. ती भावाच्या कातडीशी, आतड्यांशी, यकृताशी भांडू शकते. अर्ध्याच जुळलेल्या पेशी जास्त भांडतात, आणि बाळंतपणं झालेल्या बाईच्या त्याहून थोड्या जास्त. म्हणून पूर्वी धजत नसत. आता पेशी सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक औषध देतात, त्याने भांडकुदळ पेशी तेवढ्या मरतात आणि कामाच्या राहतात. थोडं भांडण उरलं तर चांगलंच, कारण लपून बसलेला रोगही त्याच भांडणात मारला जातो.

हे मी भावाला सांगितलं तर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "तुन्या पेशी शेतस ताई, भांडतीनच," म्हणाला, आणि त्याला इतका खोकला आला की नर्स धावत आली.

माझ्या नवऱ्याने एवढंच म्हटलं, "तू नाही म्हणालीस तरी मी तुला कधी काही बोलणार नाही." माणूस भला आहे, पण त्या रात्री मला त्याचा भयंकर राग आला. तो मला दार उघडून देत होता आणि मला त्या दाराकडे बघायचंसुद्धा नव्हतं.

मग मी डॉक्टरांना विचारलं, जे त्या बावीस दिवसांतच विचारायला हवं होतं. "सुई पाठीत कुठे घालणार?" डॉक्टरांना आधी कळेचना. मग म्हणाले, पाठीत सुई? पाठीत काही नाही. पाच दिवस पोटावर छोटी इंजेक्शनं देणार, त्याने मूळ पेशी मज्जेतून निघून रक्तात येतात. मग रक्तदानासारखं एका हातातून रक्त काढायचं, यंत्रात गाळायचं, दुसऱ्या हातातून परत सोडायचं. आताशा बहुतेक मोठ्या माणसांचं असंच करतात. मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. ज्या सुईला घाबरून मी भावाला मरायला सोडलं होतं, ती सुई तिथे नव्हतीच. मला रडूही येईना.

जानेवारीत त्याला वेगळ्या खोलीत घेतलं, दोन दारांच्या आत. सहा दिवस त्याची स्वतःची मज्जा साफ करायचं औषध चालणार होतं. त्याआधी डॉक्टरांनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "बहन, आज तक आप ना बोल सकती थीं. कल से ये दवाई शुरू होगी. उसके बाद आप पीछे हटीं तो ये नहीं बचेगा." मी सही केली.  मागे हटायचं माझ्या मनात नव्हतं. पण मला काही झालं तर?

सुरतेत तो आठवडा उत्तराणीचा, आपल्या संक्रांतीचा. आकाशात पतंग आणि रस्त्यावर मांजा. दरवर्षी कोणा ना कोणा स्कूटरवाल्याचा गळा कापला जातो, पुलावरून जाताना तर विशेष. मी स्कूटी घरी ठेवली. शाळेत रजा टाकली. इंजेक्शन घ्यायला रिक्षाने जायची तीही आतल्या बाजूला सरकून, गळ्याला दोन ओढण्या गुंडाळून. रस्ता ओलांडताना नवऱ्याचा हात धरायची. लग्नाच्या चोवीस वर्षांत मी कधी रस्त्यात त्याचा हात धरला नव्हता. शेजारणीला शिंक आली तर मी दार लावून घेतलं. गच्चीवर पतंग कापला की सगळी सोसायटी "काय पो छे" ओरडत होती आणि मी खिडक्या बंद करून बसले होते. अंगातलं हाड न् हाड ठणकत होतं, इंजेक्शनांनी तसं होतंच म्हणे, पण मला सारखं वाटायचं, ताप तर नाही ना? दिवसातून दहादा थर्मामीटर लावायची. माझा जीव मला इतका मौल्यवान कधीच वाटला नव्हता, कारण तो आता माझा एकटीचा नव्हता.

यंत्रावर पाच तास लागले. दोन्ही हात सरळ ठेवायचे, हलायचं नाही. ओठांना मुंग्या आल्या तेव्हा नर्सने कॅल्शियम दिलं. शेवटी तिने पिशवी दाखवली. टोमॅटोच्या साराच्या रंगाचं काहीतरी, पेलाभर असेल नसेल. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," ती म्हणाली. तासाभरात ती पिशवी त्याच्या खोलीत गेली. काचेतून बघितलं तर नेहमीच्या सलाइनसारखी ती त्याला लावलेली. तो झोपला होता.

त्यानंतर वाट बघायची. दोन-तीन आठवड्यांत पेशी रुजतात, म्हणाले. रुजल्या की रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा वर येतो. तोवर त्याच्या अंगात जंतूंशी लढणारं काहीच नाही, साधी सर्दीसुद्धा त्याला नेऊ शकते. भावजय गाऊन, टोपी, मास्क घालून आत राहायची आणि मी बाहेर काचेपाशी. रोज सकाळी रक्त घ्यायचे, दुपारी आकडा यायचा. दहावा दिवस, काही नाही. बारावा, चौदावा, काही नाही. त्याच्या तोंडात इतके फोड आले की थुंकीसुद्धा गिळता येईना. आख्ख्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजाचा माझा भाऊ, तो आता मान हलवून हो-नाही सांगायचा. सोळावा दिवस. सतरावा. मी आकडा विचारायला जायची आणि दारापाशी पोचायच्या आधीच नर्सच्या तोंडावर वाचायची.

अठराव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मला वाटायला लागलं की हे माझ्यामुळे आहे. मी मनापासून दिलंच नव्हतं. बावीस दिवस मी चोरून ठेवलं ते आता त्याच्या अंगात कसं रुजेल? मी शिकलेली बाई, मुलांना विज्ञान शिकवते, आणि मला हे अगदी खरं वाटत होतं. खोलीत एक फोन होता, काचेच्या अलीकडे एक. मी भावजयीला खूण केली, तिने तो त्याच्या कानाला धरला.

मी म्हटलं, "ऐक. आबांनी माझं नाव सांगितलं नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. धाकट्याचं जुळलं नाही तेही कळलं होतं. मी घाबरून गप्प बसले. बावीस दिवस. आबांवर ओरडले ते उगाच."

त्याला बोलता येत नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भावजयीने फोन जागेवर ठेवला. मी तिथेच उभी राहिले.  मला वाटलं, हा असाच भिंतीकडे तोंड करून जाणार, आणि शेवटचं जे त्याने ऐकलं ते हे असणार. कोणी सांगितलं होतं मला सांगायला? स्वतःचा भार हलका करायला मी मरणाच्या दारातल्या माणसाच्या छातीवर दगड ठेवून आले होते.

एकोणिसाव्या दिवशी काही नाही. विसाव्या दिवशी नर्सने लांबूनच बोटं वर केली. मला कळेना, दोन काय? दोनशे. आदल्या दिवसापर्यंत मोजण्यासारखं काही नव्हतं तिथे दोनशे. दुसऱ्या दिवशी साडेपाचशे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः येऊन म्हणाले, "बहन, लग गया." मी त्यांच्या पायाच पडायला निघाले होते, त्यांनी अडवलं. आबा त्या बाकावर बसून ओक्साबोक्शी रडले. महिन्याच्या तपासणीत निघालं की त्याच्या रक्तातल्या सगळ्या पेशी आता माझ्या आहेत. सगळे हसत होते आणि मला नवीच धडकी भरली. आता त्याला काही झालं तर ते माझ्या रक्तातून होणार.

दवाखान्यापासून जवळ राहायला हवं म्हणून तो घरी जायच्या आधी माझ्याकडे आला. सासरी, म्हणजे आबांच्या हिशेबाने परक्या कुळात. मी खोली फिनाइलने तीनदा पुसली. दही नाही, कच्ची कोथिंबीर नाही, कुंडीतली तुळससुद्धा शेजारी पाठवली. त्याच्या हातांवर लाल पुरळ आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, भांडण सुरू झालंय पण झेपेल एवढं आहे. गोळ्या वाढवल्या. त्याचा आवाज हळूहळू परत येत होता. काचेपाशी मी जे बोलले त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता आणि मी विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी भावजय औषधं आणायला गेली होती, मी त्याच्यासाठी सफरचंद शिजवत होते. तो दारात येऊन उभा राहिला, मास्क लावून, भिंतीला धरून. म्हणाला, "ताई, डॉक्टरनी इचारं तव्हय मी तठेच बठेल व्हतू."

मी म्हटलं, "ठाऊक आहे."

"माले बी तुनी याद नही उनी."

मी गॅस बंद केला. तो सांगत राहिला की आबा म्हणाले घरात दोघंच, आणि त्यालाही ते बरोबरच वाटलं. घरी गेल्यावरही वाटलं. मरायची इतकी भीती वाटत होती की रात्ररात्र झोप नव्हती, डोक्यात सारखं चालू होतं, कोणाचं जुळेल, कोणाचं जुळेल. साडूपासून खात्यातल्या शेठपर्यंत सगळे आठवले. मी रोज समोर डबा घेऊन उभी असायची. मी आठवले नाही.

मला राग यायला हवा होता. मला तो येतोय हे कळतही होतं, खालून वर, कानशिलांपर्यंत. लहानपणापासून ज्याला अंगाखांद्यावर खेळवला त्याच्या जिवावर बेतलं तरी त्याला मी मोजावी असं सुचलं नाही. मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तो जरा हलला म्हणून मी त्याचा दंड धरला, आणि दंड तापलेला लागला. थर्मामीटर लावला तर एकशे एक. अशा रोग्याला ताप आला की एका तासात दवाखान्यात पोचवा, असं त्यांनी मला चार वेळा बजावलं होतं. मी त्याला तसाच शाल गुंडाळून रिक्षात घातला. वाटेत तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून थरथरत होता आणि मी रिक्षावाल्याला गुजरातीत शिव्या देत होते की जल्दी चलाव, जल्दी चलाव.

तो ताप सहा दिवसांनी उतरला. त्यानंतर आणखी दोनदा आला आणि उतरला. पेशी दिल्याला आता सात महिने झालेत. तो आपल्या घरी गेलाय, पण कामावर नाही. दर महिन्याला रक्त तपासतात आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी काही खात नाही. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं सुखरूप गेली की रोग परत यायची भीती पुष्कळ कमी होते. मी विचारलं, म्हणजे तेव्हा त्याच्यावर ओरडलं तर चालेल? ते हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

मी गंमत करत नव्हते. त्या दुपारी तोंडाशी आलेलं सगळं मी जसंच्या तसं ठेवून दिलंय, एक शब्द कमी केलेला नाही. दोन वर्षं पुरी झाली की मी त्याच्या घरी जाणार आणि त्याच्याशी असं भांडणार की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. त्यानेही मला बावीस दिवसांचा जाब विचारावा. तोवर त्याला काही होता कामा नये.